डोलकाठीची दोरी

माझ्या नवऱ्याकडे शिडाची होडी आहे असं सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. चिंचपोकळीच्या चाळीत राहणारा माणूस आणि शिडाची होडी! मग विचारतात, "तो समुद्रात गेला की तुम्हाला भीती नाही वाटत?" आता समुद्राचं काय घेऊन बसलात. तो समुद्रात गेला की मी गिरगावच्या वाळूत चटई टाकून आरामात शेंगदाणे खाते. माझा जीव जातो तो होडी जमिनीवर असताना. डोलकाठी उभी करताना आणि उतरवताना. 

होडी आम्ही काही हौसेने घेतली नाही. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचं एक जुनं गिऱ्हाईक मुंबई सोडून निघालं आणि जाता जाता म्हणालं, "ही पडून सडेल, तूच ने." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय. घोडं तरी चाळीच्या दारात बांधता आलं असतं. ही फायबरची होडी, तिच्याखाली दोन चाकांचा ट्रेलर आणि वर ती भलीमोठी अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी. होडी गेली शेजारच्या बंद वर्कशॉपच्या आवारात, ताडपत्रीखाली. डोलकाठी आवारात ठेवली तर भंगारवाले उचलून नेतील म्हणून ती आमच्या गॅलरीच्या कठड्याला बाहेरून बांधली. आठ दिवसांत सगळ्या मजल्याचे कपडे तिच्यावर वाळायला लागले. नवरा रोज कुरकुरायचा, "अरे मास्ट आहे ती, मास्ट!" शेजारीण म्हणायची, "असू दे ना भावोजी, ऊन छान लागतं हिच्यावर."

तर ही डोलकाठी होडीवर उभी करायची, आणि काम संपलं की परत आडवी करायची. रस्त्याने नेताना ती उभी ठेवून चालत नाही. वर वायरी, पूल, सिग्नल, झाडं. म्हणजे समुद्रावर जायचं तर तिथे पोचल्यावर उभी करा आणि निघताना उतरवा, दर वेळी. काम असं की डोलकाठीचा बुडखा होडीच्या मध्यावर एका बिजागरीत बसवायचा. बाकीची सगळी काठी मागच्या बाजूला आडवी पडलेली असते. एकाने होडीत उभं राहून ती खांद्यावर घ्यायची आणि पुढे पुढे सरकत ढकलत उभी करायची. दुसऱ्याने होडीच्या पुढ्यात, जमिनीवर उभं राहून, काठीच्या टोकाकडून आलेली दोरी ओढत राहायची. दोन्ही बाजूंच्या तारा तिला डावी-उजवीकडे पडू देत नाहीत. पण मागे पडण्यापासून तिला वाचवते ती फक्त पुढची तार. ती तार होडीच्या नाकाला पिन घालून अडकवली की झालं. ती पिन बसेपर्यंत सगळा भार त्या दोरीवर. दोरी सुटली की काठी सरळ मागे येणार. आणि मागे कोण उभा असतो? माझा नवरा.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रोज हाडं बघणारी बाई मी. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढते. काय कशावर पडल्याने काय मोडतं हे मला कुणी शिकवायला नको.

घरात आम्ही चौघं. नवरा, मी, माझा धाकटा दीर आणि सासरे. दिराचा टेम्पो आहे, होडी ओढून नेण्याचं काम त्याचं. सासरे मालवणाकडचे, गिरणीत आयुष्य गेलं. लहानपणी त्यांनी वडिलांच्या गलबतावर डोलकाठ्या चढताना-उतरताना पाहिलेल्या. होडी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. रोज सकाळी काठी टेकत वर्कशॉपच्या आवारात जायचे आणि ताडपत्री वर करून होडीवर हात फिरवून यायचे.

आणि मी परळची, बौद्ध घरातली. आमचं लग्न झालं तेव्हा दोन्हीकडे काही काळ तोंडं वाकडी होती, मग सरळ झाली. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. घरात तुमचे देव असू देत, नैवेद्याचं मी सगळं करीन, पण देवापुढे हात जोडणार नाही. माझ्या बापाने ते आम्हाला शिकवलं नाही आणि मला ते खोटं खोटं जमणार नाही. सासरे त्यावर काही बोलले नाहीत. पण त्यांच्या मनात ती गोष्ट खडा रुतल्यासारखी राहिली. आरती सुरू झाली की मी मागे उभी. त्यातून घराला एक सवयच लागली. कुणाचं पोर, कुणाची छत्री, कुणाचा मोबाईल, कुणाची पिशवी, सगळं माझ्या हातात. "वहिनी, जरा धरा हां." सगळे हात जोडून उभे आणि मी खुंटीसारखी सगळ्यांचं सामान घेऊन मागे.

होडी आली त्या वर्षी दसऱ्याला तिची पूजा करायची ठरली. टेम्पोची होते, पान्यांची होते, मग होडीची का नको? नवऱ्याने वर्कशॉपच्या आवारात जागा साफ केली, वर केबलच्या वायरी नाहीत ना ते दोनदा पाहिलं. सासऱ्यांची एकच अट होती. डोलकाठी उभी राहिली की लगेच गाऱ्हाणं घालायचं. मालवणी घरात शुभकार्याला गाऱ्हाणं लागतंच. मोठा माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि दर मागण्याला बाकीच्यांनी हात जोडून म्हणायचं, "व्हय महाराजा!" सासऱ्यांचा आवाज त्यासाठी चाळीत प्रसिद्ध. गृहप्रवेश, बारसं, नवी रिक्षा, लोक त्यांना मुद्दाम बोलवायला येतात.

मी चहाची किटली घेऊन आवाराच्या फाटकात उभी होते. नवऱ्याने काठी खांद्यावर घेतली. दीर पुढे दोरी ओढतोय, वर्कशॉपच्या शेजारची दोघं-तिघं "अजून, अजून, आली, आली" करतायत. काठी उभी राहिली. तिच्या टोकाला झेंडूचं तोरण बांधलेलं, ते वाऱ्यावर हललं. मी म्हटलं, चला, सुटलो. नवरा होडीतून म्हणाला, "धरून ठेव रे, पिन माझ्या खिशात आहे." दीर म्हणाला, "धरलंय, घे तू सावकाश." नवरा काठीला पाठ करून खिसे चाचपायला लागला. पॅन्टला सहा खिसे, मेकॅनिकच तो.

आणि सासऱ्यांनी सुरू केलं.

"बा देवा महाराजा! आज दसऱ्याच्या दिवशी ह्या लेकरांनी जी काय सेवा केली हा, ती मान्य करून घे. काय चुकला माकला आसात तर पदरात घे. आणि ह्या डोलकाठीखाली जो कोण उभो रवात, त्याची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांचे हात जोडले गेले. दिराचेसुद्धा.

त्याने काही विचार करून दोरी सोडली नाही हो. जन्मल्यापासून ते दोन शब्द तोंडातून निघताना हात छातीशी आलेत त्याचे. तोंड म्हणालं आणि हात निघाले, एवढंच. मला दिसलं. दोरी सापासारखी वर गेली. मी नवऱ्याला ओरडले, "अरे हट!" सासऱ्यांसमोर मी त्याला आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं, त्या दिवशी केलं. तो वळला म्हणून डोकं वाचलं. काठी खांद्यावर आली. पत्र्यावर पत्रा आदळल्यासारखा आवाज झाला आणि माझ्या हातातली किटली कधी खाली पडली ते मला माहीत नाही.

गळ्याजवळचं हाड. त्याला टेम्पोत घालून आम्ही परळला नेलं आणि फोटो मीच काढला. दुसरी कुणी ड्युटीवर होती, तिला म्हटलं तू हो बाजूला. स्क्रीनवर हाड दिसलं, दोन तुकडे, एकावर एक चढलेले. रोज पाहते मी असली हाडं, बघताना दुसऱ्या हाताने सँडविच खाते. त्या दिवशी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली. चार बोटं इकडे पडली असती तर मी कवटीचा फोटो काढत असते. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी म्हटलं, हो, नशीब.

घरी आल्यावर दीर मोरीत जाऊन रडत बसला. नवऱ्याने झोळीत हात घालून कॉटवर अंग टाकलं. सासरे देवघरासमोर बसले होते. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तेच बोलले. भिंतीकडे बघून.

"सगळ्यांनी हात जोडूक नाय. म्हणान ह्या झाला."

आता मला सांगा, काय करायचं?  मग माझं डोकं फिरलं.

"सगळ्यांनी जोडले म्हणूनच झालं, बाबा! एकाने जरी जोडले नसते ना, तर तुमचा पोरगा आज धड असता!"

 नवरा कॉटवरून म्हणाला, "बस कर." कुणाला म्हणाला ते मी विचारलं नाही.

त्यानंतर सासरे आणि मी बोलेनासे झालो. म्हणजे चहा दिला की ते घेत, जेवायला वाढलं की जेवत. पण "बाय गो" म्हणून जी हाक असायची ती बंद. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. दोन्ही एकदम. माझ्या नवऱ्याचा खांदा मोडला, त्याचं काम बुडालं, रात्री कूस बदलताना तो कण्हतोय, आणि दोष कुणाचा, तर माझ्या हातांचा! माझ्या हातांनी काय वाईट केलं होतं त्यांचं? वीसेक वर्षं त्याच हातांनी त्यांच्या देवाचा प्रसाद रांधला.

होडी विकायची असं नवऱ्याने जाहीर केलं. मला वाटलं, सुटले. पण विकणारा माणूस असा नसतो. झोळी सुटल्यावर संध्याकाळी तो हळूच आवारात जायचा आणि होडीशेजारी स्टूल टाकून बसायचा. दीर म्हणायचा, "दादा, एकदा परत उभी करू. मी दोन्ही हातांना बांधून घेतो दोरी." नवरा मान हलवायचा. भावावर राग नव्हता त्याचा. पण काठीखाली उभं राहताना पुढे दिराला बघून त्याचं अंग आक्रसायचं, हे त्याने मला एकदा अंधारात सांगितलं. "मला माहिती आहे तो मुद्दाम नाही करणार. पण पाठ त्याच्याकडे फिरवता येत नाही गं."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू धरशील?"

मी ताडकन उठून बसले. "वेड लागलंय का तुला? मी?"

"तू नाही सोडणार."

"का नाही सोडणार? माझे हात काय लोखंडाचे आहेत?"

"गाऱ्हाणं झालं, आरती झाली, वरून देव उतरला तरी तुझे हात जागेवर असतात. मी बघतोय इतकी वर्षं."

हसावं का रडावं मला कळेना. ज्याच्यावरून घरात अबोला होता तेच त्याला माझं बळ वाटत होतं. मी नाही म्हटलं. आठ-दहा दिवस नाहीच म्हणत राहिले. मला रात्री स्वप्नं पडायची, दोरी माझ्या हातातून निसटतेय, त्याला हाक मारायला जाते तर तोंडातून आवाज नाही. सकाळी उठून त्याच्या खांद्यावरचा तो उंचवटा बघायचा. हाड जुळतं, पण जिथे जुळतं तिथे गाठ राहते. मनात यायचं, दुसऱ्यांदा लागलं तर हा माणूस पाना उचलू शकणार नाही. आणि डोक्यात लागलं तर. पुढचा विचार मी करायचीच नाही, पाण्याचा नळ सोडायला उठायची.

पण मी नाही धरली तर तो दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावणार, हेही मला दिसत होतं. पुरुषांना खेळणं दिलं की ते सोडवत नाही. मग म्हटलं, मरू दे. दुसऱ्याच्या हातावर जीव टांगणीला लावण्यापेक्षा माझ्या हातावर बरा.

आवारात सराव सुरू झाला. आता दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून ताकही फुंकून. ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी खांबाला दोरीचा एक वेढा घ्यायचा, म्हणजे भार थोडा खांब घेतो. पिन आधीच बाहेर काढून सुतळीने तारेला बांधून ठेवायची, खिशात नाही. आणि "बसली" असं नवरा म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दीर बाजूला उभा राहून होडी धरायचा आणि दर वेळी विचारायचा, "वहिनी, हात दुखतायत का?" मी म्हणायची, "दुखले तरी तुम्हाला देणार नाही." बिचारा हसायचा.

सासरे आवाराच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. बघायचे आणि जायचे.

माघात एका दिवशी नवरा म्हणाला, उद्या गिरगावला नेऊ या. सकाळी टेम्पोला ट्रेलर जोडला तेव्हा सासरे आधीच टेम्पोत पुढच्या सीटवर बसलेले. इस्त्रीचा लेंगा, टोपी, मांडीवर नारळ. कुणी त्यांना चला म्हटलं नव्हतं.  नारळ म्हणजे गाऱ्हाणं. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे. चिंचपोकळीपासून गिरगावपर्यंत मी मागे टेम्पोच्या हौद्यात बसून एकच विचार करत होते, आता ह्यांना कोण सांगणार.

वाळूवर पोचलो. काठी बिजागरीत बसवली. मी दोरी घेतली, खांबाला वेढा दिला, पाय वाळूत रोवले. नवरा आत चढला. खांद्याला काठी लावण्याआधी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघत काय बसलात, उचला." सासरे होते ना, म्हणून अहो-जाहो.

काठी वर आली. दोरी ताणली गेली. नवऱ्याने काठी सोडली आणि पुढे तार पकडायला होडीच्या कडेकडेने यायला लागला. तो एवढासा वेळ, पण माझ्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात उतरला आणि मी पुसला नाही. डोळा झोंबतोय, झोंबू दे. सासऱ्यांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. कानात त्यांचा तो आवाज आत्ता येईल, आत्ता येईल. आला नाही.

"बसली!" नवरा म्हणाला.

तेव्हा कुठे मी मान वळवली. सासरे नारळ हातात घेऊन उभे होते, ओठ मिटलेले. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "बसली मां? नक्की?" त्याने तार हलवून दाखवली. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं, आणि छोटंसंच घातलं. दिराने "व्हय महाराजा" म्हटलं ते एक हात ट्रेलरवर ठेवून. मला इतकं हसू आलं की तोंड फिरवावं लागलं.

दोघं भाऊ होडी घेऊन गेले. मी आणि सासरे चटईवर. त्यांच्यापुढे शेंगदाण्याचा पुडा धरला, त्यांनी चार उचलले. बोलणं नाही. पण मधे एकदा म्हणाले, "शीड बरा भरलाहा." मी म्हटलं, "हो, बाबा." चार महिन्यांत एवढंच.

खरी गोष्ट संध्याकाळची. काठी वर घेणं अवघड वाटतं, पण उतरवणं त्याहून वाईट. वर घेताना भार कमी कमी होत जातो. उतरवताना उलटं. आधी काहीच वाटत नाही आणि जसजशी काठी मागे झुकते तसतसा भार वाढत जातो, आणि खाली तुमचा माणूस खांदा लावून उभा. शिवाय संध्याकाळी वारा सुटला होता, समुद्राकडून. तारा वाजत होत्या.

होडी ट्रेलरवर घेतली. दीर बाजूला, ट्रेलर हलू नये म्हणून चाकाशी. नवऱ्याने पिन काढली आणि मागे जाऊन काठीखाली उभा राहिला. "सोड हळूहळू," तो म्हणाला. मी वेढ्यातून थोडी दोरी सोडली. काठी झुकली. अजून थोडी. आता भार आला. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, काठी दचकली, आणि दोरी हातात हातभर सरकली. तळव्यातून जाळ निघाला. मी मुठी आवळल्या आणि दोरी थांबली.

थांबली ती थांबलीच. माझे हात उघडेनात. डोक्याने सांगतेय, सोड, थोडी सोड, पण बोटं ऐकेनात. बर्फ झाल्यासारखी. काठी अर्ध्यावर तिरकी, वाऱ्याने डुचमळतेय, आणि नवरा खाली दोन्ही हात वर करून तिची वाट बघतोय. तो मोडलेला खांदाही वर केलेला. जेवढा वेळ जाईल तेवढे माझे हात थकणार हे मला कळत होतं. थकले की सुटणार.

"सोड गं," तो म्हणाला. "मी आहे खाली."

"तू खाली आहेस म्हणूनच सुटत नाहीये!" मी ओरडले. रडत होते मी, तेही आत्ता सांगते. वाळूवर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. दीर म्हणाला, "वहिनी, मी येऊ?" मी म्हटलं, "चाक सोडू नका!" आणि नवऱ्याचा चेहरा बघितला. घाबरला होता तो. पहिल्यांदा माझ्यामुळे घाबरला होता.

माझ्या मागे वाळूत पावलं वाजली. दोरीच्या शेपटाला कुणीतरी हात घातला आणि ती ताणली. माझ्या मुठीतला भार किंचित हलका झाला. लेंग्याला नेहमी येतो तो तंबाखूचा वास आला. सासरे. माझ्या मागे उभे राहून त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली होती. थकलेला माणूस, पण गिरणीतले हात ते.

"मी धरलंय," ते म्हणाले. "तू सोड."

मी सोडायला बघत होते तेवढ्यात ढोलकीचा आवाज आला. एका घरचा माघी गणपती विसर्जनाला आला होता. पाटावर छोटीशी मूर्ती, दहा-बारा माणसं, बायका, गुलाल. बरोबर आमच्या पुढ्यातून, पाण्याकडे. त्यांनी मूर्ती वर उचलली आणि सगळ्यांनी एकदम आरोळी दिली, "गणपती बाप्पा मोरया!" आजूबाजूच्या सगळ्या बघ्यांचे हात जोडले गेले. दिराचा हात चाकावरून उठला आणि परत चाकावर बसला.

 मागे दोरीवर ज्याचे हात होते, तो माणूस आयुष्यात कधी गणपतीसमोरून हात न जोडता गेलेला नव्हता. रस्त्याने टेम्पोतून कुणाचा गणपती चालला तरी बसमधून हात जोडणारा माणूस. माझ्या हातात आता पूर्ण भार पेलण्याइतकं बळ नव्हतं. काठी तिरकी होती आणि नवरा खाली होता. मी डोळे मिटले नाहीत. मी मान वळवून मागे बघितलं.

सासऱ्यांनी मान खाली घातली होती, हनुवटी छातीला लागेपर्यंत. दोरी तशीच ताणलेली. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

"देवाक ठावक आसा माझे हात खंय आसत ते," ते म्हणाले. "तू सोड, बाय गो."

आणि माझ्या मुठी उघडल्या.